लसीवर विश्वास आहे, मग भरपाई मागू कशी?

वाचक मैत्रिणीचं २०२५ मधलं पत्र, थोडक्यात:

'माझं वय ४१. आम्ही नऊ वर्षं अमेरिकेत आहोत. नवरा एच-१बी व्हिसावर, ग्रीनकार्डाच्या रांगेत, एक मुलगी. ६ ऑक्टोबर २०२२ ला घराजवळच्या फार्मसीत मी दरवर्षीप्रमाणे फ्लूची लस घेतली. महिनाभरात दोन्ही पायांतला जोर गेला. १ नोव्हेंबरला इमर्जन्सीत न्यावं लागलं, ३ नोव्हेंबरला जीबीएसचं, म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचं, निदान झालं. अकरा दिवस हॉस्पिटल, पुढे पाच आठवडे रिहॅब. आज चालते, पण उजव्या पायाला ब्रेस लावून. पाळणाघरातली नोकरी सुटली ती सुटलीच.

सरकारकडून भरपाई मिळते असं डॉक्टर म्हणाले होते. पण माझी आई आरोग्यसेविका होती. लसींचा डबा खांद्याला अडकवून ती तीस वर्षं वाड्यावस्त्यांवर फिरली. तिच्या मुलीने लसीने नुकसान झालं म्हणून पैसे मागायचे, हे मनाला पटत नाही. आईला मी इतकंच सांगितलंय की नसांचा आजार झाला होता. जानेवारीत पुण्याच्या जीबीएसच्या साथीच्या बातम्या आल्या तेव्हा तिने फोनवर विचारलं, "तुला झालं होतं ते हेच का गं?" मी विषय बदलला. नवरा म्हणतो, ग्रीनकार्ड होईपर्यंत सरकारशी कोर्टकचेरी नको. लस देणारी फार्मासिस्ट ओळखीची, तिच्यावर बालंट यायला नको. वकील परवडणार नाही. हॉस्पिटलने तेव्हा सरकारी नोंद केली होती, म्हणजे अर्ज गेलाच असेल असंही वाटतं. मुदत तीन वर्षांची आहे म्हणतात, म्हणजे ३ नोव्हेंबर २०२५ पर्यंत विचार करायला वेळ आहे. लस घेतली त्या वर्षीच्या दिवाळीत चकल्या करताना सोऱ्या दाबला जाईना. आईला फोन केला तर म्हणाली, पीठ घट्ट झालं असेल, कोमट पाण्याचा हात लाव. ते आठवलं की अजून रडू येतं. मी काय करू?'

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र वाचताना मी सोऱ्यापाशी थांबले. तुम्ही ती गोष्ट शेवटी, जाता जाता लिहिली आहे, पण सगळ्यात आधी मला तिच्याबद्दलच बोलायचंय. अर्ज करायचा की नाही हे नंतर ठरवू. आधी तारीख.

तुम्ही तीन वर्षं निदानापासून मोजताय. कायदा ती पहिल्या लक्षणापासून मोजतो. डॉक्टरांनी आजाराला नाव कधी दिलं याला मुदतीच्या हिशोबात किंमत नाही; शरीराने पहिली खूण कधी दिली, याला आहे. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. चकल्या तुम्ही आठवडाभर आधीच्या शनिवार-रविवारी केल्या असतील तर ती तारीख १५ किंवा १६ ऑक्टोबर येते. मग तुमची मुदत १५ ऑक्टोबर २०२५ लाच संपते असं धरून चाला. हातातला जोर कमी होणं हे पहिलं लक्षण होतं की नाही, हे पुढे वैद्यकीय कागद पाहून ठरेल. पण आपण लवकरात लवकरची तारीख धरायची. ऑक्टोबरअखेर अर्ज केला असता तर मुदतीत आहोत या समजुतीत तुम्ही दोन आठवडे उशीर केला असता, आणि तेवढ्यावर दावा फेटाळला जाऊ शकतो. लसीशी संबंध आहे हे मला उशिरा कळलं, ही सबबही इथे सहसा चालत नाही.

मी वकील नाही. माझ्या जावेचा दावा याच योजनेत अडीच वर्षं चालला आणि त्याची फाईल मी तिच्याबरोबर पानन् पान लावली, त्या अनुभवावर आणि नंतरच्या वाचनावर हे लिहितेय. तुमच्या तारखांचा निर्णय वकिलानेच द्यावा. पण वकिलाला पहिला फोन याच आठवड्यात जावा, म्हणून तारखेचं सगळ्यात आधी सांगितलं.

आता आईबद्दल. माझ्या मते तुमच्या पत्रातली खरी गाठ तिथे आहे.

भरपाई मागणं म्हणजे लसीच्या विरोधात उभं राहणं, असं तुम्ही धरलंय. हे कुठून आलं असेल ते मला कळतं. लसीच्या दुष्परिणामांबद्दल मोठ्याने बोलणाऱ्यांत लसच नको म्हणणाऱ्यांचा आवाज फार असतो, आणि तुम्हाला त्या गर्दीत दिसायचं नाही. पण ही योजना कशी आली ते पाहा. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या भीतीने सुमारे साडेचार कोटी लोकांना घाईघाईने लस दिली गेली. त्यानंतर जीबीएसचे रुग्ण वाढले, साधारण लाखामागे एक जास्तीचा, आणि डिसेंबरात ती मोहीम थांबवावी लागली. पुढे ऐंशीच्या दशकात डांग्या खोकल्याच्या लसीवरून कंपन्यांवर इतके खटले पडले की एकेका कंपनीने लस बनवणंच सोडलं. लहान मुलांना लस मिळेनाशी होते की काय, अशी वेळ आली. तेव्हा १९८६ चा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून नॅशनल व्हॅक्सिन इंज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्राम, म्हणजे व्हीआयसीपी, सुरू झाला. लसीकरण चालू राहावं म्हणूनच तो आहे. सगळ्यांच्या भल्यासाठी सगळ्यांनी लस टोचून घ्यायला दंड पुढे करायचा. त्यात एखाद्याच्या वाट्याला दुखणं आलं तर त्याचा भार त्या एकट्यावर टाकायचा नाही, असा हा व्यवहार आहे. तुम्ही दंड पुढे केलात. व्यवहाराची दुसरी बाजू मागण्यात लसीशी बेइमानी कसली?

आकडेही तुमच्या आईच्याच बाजूने बोलतात. आजच्या फ्लूच्या लसीमुळे जीबीएस झालाच तर दहा लाख डोसांमागे एक-दोन जास्तीचे रुग्ण, इतकं ते विरळ आहे. खुद्द फ्लूच्या आजारानंतर त्याचा धोका याहून जास्त असतो. या योजनेचाच हिशोब घ्या, तर दर दहा लाख डोसांमागे साधारण एका माणसाला भरपाई मिळालेली आहे. लस चांगली आहे हेही खरं, आणि त्या दहा लाखांतल्या एक तुम्ही असाल हेही खरं.

आणि आईचं काम नीट आठवून बघा. लस टोचल्यावर आपल्याकडे आरोग्यसेविका बाळाच्या आईला चार संदेश देते: कोणती लस दिली, ती कशासाठी; तिने काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं; पुढची तारीख कधी; आणि कार्ड जपून ठेवा. त्रास होऊ शकतो हे तिच्या तोंडून वस्तीवरच्या प्रत्येक आईने ऐकलेलं असणार. मग बाळाला अर्धा तास थांबवून ठेवायचं, आणि वेगळं काही घडलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवायचं, हेही त्याच नोकरीत येतं. जिने तीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांसाठी हे केलं, तिच्यापासून तुम्ही स्वतःचा त्रास लपवताय. तिला वाईट वाटेल, यात शंका नाही. पण ते लसीचा अपमान झाला म्हणून वाटेल, की लेकीने अडीच वर्षं एकटीने सोसलं म्हणून?

फार्मासिस्टची काळजी मात्र सोडूनच द्या. या दाव्यात तिचं काय चुकलं, कंपनीचं काय चुकलं, हे सिद्ध करावंच लागत नाही. दावा तिच्यावर नसतोच. कागदावर समोरची बाजू असते ती अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या सचिवांची. त्यांच्या वतीने न्याय खात्याचे वकील बोलतात, आणि निर्णय देतात ते वॉशिंग्टनच्या फेडरल क्लेम्स कोर्टातले स्पेशल मास्टर, म्हणजे न्यायाधीशासारखे अधिकारी. पैसे एका वेगळ्या निधीतून येतात. लसीच्या प्रत्येक डोसावर, ती जितक्या आजारांपासून वाचवते त्या प्रत्येकामागे ७५ सेंट कर त्यात जमा होतो. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एका डोसामागे सव्वादोन डॉलर, फ्लूच्या डोसामागे ७५ सेंट. ६ ऑक्टोबरला तुमच्या दंडात गेलेल्या डोसावरही हा कर भरलेला होता. योजना सुरू झाल्यापासून पाच अब्ज डॉलरहून जास्त रक्कम लोकांना दिली गेली आहे.

तुमच्या यजमानांची भीती मी हलकी मानत नाही. ग्रीनकार्डाच्या रांगेत वर्षं काढणाऱ्या घराला 'सरकारविरुद्ध' हा शब्दच नको असतो. पण दोन गोष्टी त्यांच्यापुढे ठेवा. या कायद्यात नागरिकत्वाची अट नाही. यादीतली लस अमेरिकेत घेतलेली असणं पुरतं. आणि ही भरपाई म्हणजे फूड स्टॅम्पसारखी गरिबांना मिळणारी मदत नव्हे, झालेल्या नुकसानीपोटी मिळणारा हक्काचा पैसा आहे. तरीही त्यांच्या मनात किंतू राहिला तर इमिग्रेशनच्या वकिलाचा एक तास विकत घ्या, आणि तो वकील तुमचा स्वतःचा असू द्या. यजमानांच्या कंपनीच्या वकिलाला असे घरचे प्रश्न विचारू नयेत, कारण तो आधी कंपनीचा असतो. ग्रीनकार्ड होईपर्यंत थांबू, हा पर्याय मात्र मला दिसत नाही. ती रांग कधी संपेल हे कुणाला माहीत नाही, आणि ही मुदत कधी संपते ते आपल्याला माहीत आहे.

एक गोष्ट मी झाकून ठेवणार नाही. दाव्यावर तुमचं नाव असतं आणि निकाल कोर्टाच्या वेबसाइटवर लागतो. निकालानंतर चौदा दिवसांत खाजगी वैद्यकीय तपशील वगळण्याची विनंती करता येते. नावाऐवजी आद्याक्षरं ठेवा असंही काहीजण मागतात, पण ते मिळेलच असं नाही. मंडळातल्या कुणी शोधलंच तर सापडेल. याने तुमची झोप उडणार असेल तर वकिलाशी पहिल्याच बोलण्यात हा विषय काढा.

हॉस्पिटलने केलेली नोंद म्हणजे अर्ज, हा गैरसमज फार जणांचा असतो. ती नोंद बहुतेक व्हेअर्स नावाच्या यंत्रणेत झाली असेल. लसीनंतर कुणाला काय झालं हे गोळा करून त्यावर लक्ष ठेवणं, एवढंच तिचं काम. आईच्या भाषेत सांगायचं तर केंद्रात दिलेला एईएफआयचा, म्हणजे लसीनंतरच्या त्रासाचा, रिपोर्ट. त्यातून भरपाईचा एक कागदही पुढे सरकत नाही. तुमचा अर्ज अजून कुठेच गेलेला नाही.

वकील परवडणार नाही, ही भीतीही या योजनेपुरती बाजूला ठेवता येते. दावा प्रामाणिकपणे आणि पुरेशा आधारावर केलेला असेल तर वकिलाची फी आणि खर्च निधीतूनच मिळतो, दावा हरला तरी. तुमच्या भरपाईतला वाटा त्याला घेता येत नाही, वर वेगळी फीही लावता येत नाही. कुणी टक्केवारीची भाषा केली तर तिथून उठा. कोर्टाच्या वेबसाइटवर या कामाच्या वकिलांची यादी आहे. वकील तुमच्याच राज्यातला असावा लागत नाही, सगळं फोनवर आणि मेलवर चालतं. फ्लूची लस आणि जीबीएस असे किती दावे त्यांनी चालवलेत, ते विचारा. मुदत तोंडावर आली की बरेच वकील फाईल हातात घेत नाहीत, म्हणूनही मी घाई करतेय. सगळे कागद येईपर्यंत थांबायचं कारण नाही. वेळ थोडा उरला तर आधी दावा दाखल करून उरलेले कागद मागून जोडण्याचीही सोय असते.

दाव्यात दम आहे का? माझ्या अंदाजाने आहे. कायद्याबरोबर इजांचा एक तक्ता आहे: कोणत्या लसीनंतर किती दिवसांत काय झालं तर लसीमुळेच झालं असं धरायचं. फ्लूची लस आणि जीबीएस ही जोडी मार्च २०१७ पासून त्या तक्त्यात आहे, आणि लक्षण दिसायची मुदत आहे लसीनंतर तिसऱ्या ते बेचाळिसाव्या दिवसापर्यंतची. तुमची चकली नवव्या-दहाव्या दिवसाची, इमर्जन्सी सव्विसाव्या. कुठूनही मोजा, तुम्ही आतच आहात. म्हणून सांगते, तारीख इकडची तिकडे करण्याचा मोह कुणी घातला तरी ऐकू नका. खरी तारीखच तुमच्या बाजूची आहे. तक्त्यात बसलात की कारण दुसरंच होतं हे दाखवायची जबाबदारी सरकारवर जाते. आणि ते तसं पाहतील. पुण्याला सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात साथ आली तेव्हा दूषित पाण्याचं आणि कॅम्पायलोबॅक्टर जंतूचं नाव पुढे आलं. पोट बिघडल्यानंतर जीबीएस होणं हे डॉक्टरांना जुनं माहीत आहे. तेव्हा त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तुम्हाला जुलाब, ताप, सर्दी काही झालं होतं का, ते आठवा आणि वकिलाला आधीच सांगा. लपवलेली गोष्ट हॉस्पिटलच्या कागदात निघाली तर त्रास दुप्पट.

दुसरी अट अशी की त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकलेला असावा. तुमच्या पायातली ब्रेस बोलते आहे, पण कागद बोलतात का? इथे जावेच्या फाईलमधलं एक पान सांगते. लसीनंतर तिचा खांदा धरला होता. ज्या महिन्यात तिला लेकीची वेणी घालता येत नव्हती, हात कानाच्या वर जात नव्हता, त्या महिन्यातल्या डॉक्टरांच्या टिपणात लिहिलं होतं: पेशंट म्हणते बरी आहे, तक्रार नाही. कारण डॉक्टरांनी आत येताच 'कशा आहात' विचारलं आणि ती 'आय ॲम फाइन' म्हणाली. आपण म्हणतोच. पाहुण्यालाही म्हणतो, डॉक्टरलाही म्हणतो. त्या एका वाक्याने तिच्या वकिलाला चार महिने जास्त झगडायला लावलं, आणि ते वाक्य भरून काढण्यासाठी फिजिओथेरपिस्टच्या मोजमापांचे जुने तक्ते शोधून आणावे लागले. तुमची न्यूरॉलॉजिस्टकडची शेवटची भेट कधीची? सवय झाली म्हणून मधलं एखादं वर्ष गेलाच नसाल, तर आता जा. जिना कसा उतरता, किती वेळ उभं राहवतं, रात्री तळपायाला मुंग्या येतात का, मुलीमागे धावता येतं का, हे जसं आहे तसं सांगा. न वाढवता, आणि न गिळता.

कागद गोळा करताना इमर्जन्सीतलं पहिलं पान जपा. तिथल्या नर्सने 'त्रास कधीपासून' याचं उत्तर लिहिलेलं असतं आणि पुढची सगळी मोजणी त्याच्याशी ताडून पाहतात. फार्मसीकडून लसीच्या नोंदीची प्रत घ्या, तारीख आणि लॉट नंबरसकट. लसीच्या आधीच्या तीन वर्षांचे कागदही लागतील. आधी तुम्ही धडधाकट होतात हे त्यातूनच दिसतं. नोकरी गेल्याचा हिशोब पगाराच्या स्लिपा आणि टॅक्स रिटर्नमधून निघेल. बुडालेली कमाई, विम्याने न भरलेला खर्च आणि पुढे लागणारा इलाज हे वेगवेगळं मोजतात. वेदनांसाठी मात्र वरची मर्यादा अडीच लाख डॉलरची आहे. वेळ लागतो. दोन-तीन वर्षं सहज. ज्यांना पैसे मिळतात त्यांतल्या साधारण साठ टक्के दाव्यांत तडजोड होते, आणि तीत लसीमुळेच झालं असं सरकार कबूल करत नाही. जावेला ते लागलं होतं. पैसे आले, पण 'हो, हे तुझ्या लसीनेच झालं' असं कुणीच म्हणालं नाही. तुम्हाला त्या एका वाक्याची आस असेल तर आधीच मनाची तयारी ठेवा.

आता दुसरं पारडं. अर्ज न करणं हाही निर्णय असू शकतो. जुने दिवस पुन्हा उकरायचे, अनोळखी माणसाला हॉस्पिटलमधल्या रात्री सांगायच्या, कागदांची भेंडोळी सांभाळायची, हे नको वाटलं तर मी तुम्हाला भित्री म्हणणार नाही. पण तुम्ही दिलेल्या कारणांपैकी एकही कारण हे नाही. तुमची कारणं आई, नवरा, फार्मासिस्ट आणि वकिलाची फी अशी आहेत, आणि त्यातलं जवळजवळ काहीच तपासल्यावर टिकत नाही. तुमचं वय ४१ आहे. ब्रेस दर काही वर्षांनी बदलावी लागते, तोल जाऊन पडणं वाढत्या वयात महाग पडतं. माझं मत विचाराल तर अर्ज करा. हे पैसे आज नको वाटले तरी साठीतल्या तुम्हाला लागतील.

अशाच अडचणीतल्या इतर वाचकांसाठी थोडं. इंजेक्शननंतर ४८ तासांत सुरू झालेलं, हटत नसलेलं खांद्याचं दुखणंही तक्त्यात येतं. सर्वात जास्त दावे त्याचेच दिसतात, तेव्हा 'खांदाच तर आहे' म्हणून सोडू नका. मुलांसाठी आईवडिलांनी दावा करायचा असतो आणि मूल सज्ञान होईपर्यंत मुदत थांबत नाही. मृत्यू झाला असेल तर मृत्यूपासून दोन वर्षं, आणि पहिल्या लक्षणापासून चार वर्षांच्या आत. भारतातून भेटीला आलेल्या आईवडिलांनी इथे लस घेतली असेल तर त्यांनाही दार उघडं आहे. भारतात घेतलेली लस मात्र सहसा यात बसत नाही. कोविडची लस या योजनेत नाही. तिच्यासाठी सीआयसीपी नावाची वेगळी, बरीच कंजूष योजना आहे: मुदत लस घेतल्यापासून एकच वर्ष, कोर्ट नाही, वकिलाची फी मिळत नाही, वेदनांचे पैसे नाहीत. एक वर्ष किती पटकन जातं हे आजाऱ्याच्या घरात सगळ्यांना माहीत असतं, म्हणून ज्यांचं ते आहे त्यांनी आजच हालचाल करावी.

मैत्रिणी, पुन्हा सोऱ्याकडे येते. पहिलं लक्षण कधी दिसलं हे ठरवताना घरच्यांच्या जबान्या लागतात. तेव्हाचे फोनमधले फोटो, मेसेज, कॉलची नोंद, सगळं उपयोगी पडतं. आणि त्या दिवशी तुमच्या हातात जोर नाही हे तुम्ही फक्त एका माणसाला सांगितलं होतं. नवरा साक्षीला आहे तो हॉस्पिटलच्या दिवसांचा. त्या दुपारची साक्षीदार तुमची आई आहे. तिची सही भारतात बसूनही चालते, त्यासाठी इथे यावं लागत नाही. रोज किती टोचल्या, कुणाला ताप आला, याच्या नोंदी तारीखवार ठेवण्यात जिचा जन्म गेला, तिला चकलीचा वार आठवत असेल असं मला फार वाटतं. तिच्याशी बोलायचं म्हणजे आधी सगळं सांगावं लागेल. या रविवारी, भारतात सकाळ असताना फोन लावा. 'पुण्याचं तू विचारलं होतंस ना, हो, तेच झालं होतं,' इथून सुरुवात करा. आणि मग विचारा, मी तुला कोमट पाण्याचं विचारलं होतं तो शनिवार होता की रविवार?